नुरीचे दहा दिवस

दुसिकच्या पुढ्यात वाकायचं तर आधी घरी सराव करून जावं, असं गावातले लोक म्हणत. थट्टेनं म्हणत, पण जाताना करूनही जात.

क्वाक दुसिक कोरियातल्या चिंदो बेटाच्या पश्चिम अंगाला राहत होता. तिथं हिवाळ्यात समुद्र करडा, आभाळ करडं, आणि शेतात तेवढी कांद्याची पात हिरवी. एकाहत्तर वर्षांचं त्याचं आयुष्य त्या हिरव्या ओळींमधून वाकून गेलं होतं. तो शिकलेला नव्हता, पैसेवाला नव्हता, गोड बोलणाराही नव्हता. मात्र रीतीचा नमस्कार गावात त्याच्याइतका नीट कुणाला येत नसे. गुडघा कुठला आधी टेकायचा, कपाळ कुठवर न्यायचं, कोणता हात वर ठेवायचा. पुरुषांचा डावा हात वर, बायकांचा उजवा. मयताच्या घरी मात्र उलट. एवढं एक ज्ञान त्याला बापाकडून मिळालं होतं आणि ते त्यानं घरादारावर काठीसारखं चालवलं. मुलगा जेहो आठ वर्षांचा असताना नववर्षाच्या सकाळी नमस्कार करता करता हसला, म्हणून दुसिकनं त्याच्याकडून तो एकवीस वेळा करून घेतला. बाविसाव्या वेळी त्याची बायको बुन्ये मध्ये पडली. "पोराचं कपाळ झिजेल," ती म्हणाली, "आणि तुमचा मान तेवढाच राहील."

बुन्येला जाऊन आता दोन हिवाळे झाले होते. शेतात पातीच्या जुड्या बांधता बांधता ती खाली बसली आणि उठली नाही. हातातली जुडी अर्धी बांधलेली होती. ती दुसिकनं पुरी बांधली, कारण त्या क्षणी दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

त्यानंतर घर गप्प झालं. जेहो सोलमध्ये, गाडीनं दहा तासांवर. मागच्या नववर्षाला नातीला गोवर आला म्हणून ते आले नाहीत. दुसिकनं एकट्यानं पितरांना अन्न वाढलं, एकट्यानं नमस्कार केला, आणि त्याच्या पुढ्यात वाकायला कुणी नाही म्हणून तो थोडा वेळ नुसता भिंतीकडे तोंड करून बसून राहिला.

शेजारी एक म्हातारी होती. माहेर हेनामचं, म्हणून पन्नास वर्षं सगळे तिला हेनामवालीच म्हणत. तिच्या कुत्रीला सप्टेंबरात चार पिल्लं झाली. त्यातलं एक पिवळं पिल्लू काखेत मारून ती दुसिकच्या अंगणात आली.

"जेहोचे बाबा, हे धरा."

"मला कुत्रं कशाला?"

"भुंकायला. तुमच्या घरात आवाज म्हणून नाही. परवा भिंतीपलीकडून ऐकलं, घड्याळाशी बोलत होतात."

"किल्ली देत होतो."

"तोंडानं?"

पिल्लाचं नाव नुरी ठेवलं. मादी होती. चिंदोचं कुत्रं अंगणातलं. कितीही लाडकं असो, उंबरा त्याचा नव्हे. ही रीत दुसिकला कुणी सांगायला नको होती. तोच ती इतरांना सांगत आला होता. पण डिसेंबरात पाण्याच्या पिंपावर बर्फ धरला आणि पिल्लू दाराशी थरथरायला लागलं. एक दिवस त्यानं त्याला दाराच्या आत घेतलं. मग खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर. मग जेवणाच्या बुटक्या मेजाशेजारी. मग मेजाच्या पलीकडे, समोर.

पुढची गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. बुन्येचा पितळी वाडगा फळीवर होता. ती गेल्यावर वर्षभर तो त्यात तिच्या नावानं भात वाढत असे, आणि तो भात रोज गार होत असे. गार भात पाहणं हेही एक काम असतं. त्यानं ते वर्षभर केलं. या डिसेंबरात एका संध्याकाळी त्यानं तो वाडगा खाली काढला, भात वाढला आणि नुरीपुढे ठेवला. तो भात कुणीतरी खाल्ला. वाडग्याच्या तळाशी जीभ लागून त्याचा छोटा आवाज झाला. दुसिकनं आपला घास तोंडातच धरून तो आवाज ऐकला. त्यानंतर रोज.

या चांद्र नववर्षाला, फेब्रुवारीत, जेहो येतो म्हणाला. आदल्या दिवशी दुसिकनं वाडगा राखेनं घासून फळीवर ठेवला, नुरीला अंगणात तेंडूफळाच्या झाडाला बांधलं, जमीन तीनदा पुसली. केस राहिले तर सूनबाईंच्या पायाला लागतील. जेहो आला, त्याची बायको मिरान आली, आणि सहा वर्षांची बोराम गाडीतून उतरली ती थेट नुरीकडे धावली.

सकाळी सगळं रीतीनं झालं. पितरांचं वाढणं झालं, तांदळाच्या वड्यांचं सूप झालं, मुलगा आणि सून वाकले. मग बोराम वाकली. वाकली कसली, बेडकासारखी बसली आणि खिदळली. ते एक वेळ चाललं असतं. पण तिचा डावा हात वर होता. बायकांनी मयताला करायचा तसा. दुसिकला ते अशुभ वाटलं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात जेहोनं त्याच्याकडे पाहिलं. आज नको बाबा, असं ते पाहणं होतं. दुसिकनं तोंड मिटलं.

जेवणं झाल्यावर जेहो गावातल्या वडीलधाऱ्यांना भेटायला गेला. मिरान मागच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. अंगणात नुरी कण्हत होती. खोलीतून आपल्याला का काढलं ते तिला कळत नव्हतं.

"आजोबा, तिला आत घेऊ या ना. रडतेय ती."

"कुत्रं घरात घेत नसतात," दुसिक म्हणाला, आणि उठून तिला घेऊन आला.

खोलीत ते तिघंच होते. त्याला बरं वाटत होतं. त्याला वाटलं, आता कुणी बघत नाही तर ते अशुभ पुसून टाकावं.

"बोराम, इकडं ये. नमस्कार परत कर."

"सकाळी केला की."

"सकाळी तू मेलेल्या माणसाला केलास. मी जिवंत आहे. मुलींचा उजवा हात वर."

"मेलेल्या माणसाला कळतं का, कुठला हात ते?"

"जिवंताला कळतं. ये."

तिच्यासाठी मधात घोळलेल्या तळणीच्या वड्या ठेवल्या होत्या. त्या द्यायला बशी हवी होती. बशा सगळ्या सुनेकडे, पाण्यात. त्याचा हात फळीवर गेला आणि वाडगा घेऊन आला. असं अनेक आठवडे रोज होत होतं. हाताला वेगळं काही वाटलं नाही. वड्या त्यात ठेवून त्यानं वाडगा नेहमीच्या जागी ठेवला, आपल्यासमोर.

"नीट केलास तर हे तुझं."

पहिल्यांदा तिची कोपरं उडाली. दुसऱ्यांदा ती हसली. तिसऱ्यांदा तिनं ओठ मिटले, उजवा हात डाव्यावर ठेवला, हळू गुडघे मोडले, आणि कपाळ खाली न्यायला लागली. इतकं नीट की दुसिक तिच्या हातांकडेच बघत राहिला. त्यानं नुरीकडे पाहिलंच नाही. आपल्या जागी, आपल्या वाडग्यासमोर येऊन बसलेल्या नुरीला फक्त एवढं दिसलं, की एक तोंड त्या वाडग्यावर उतरतं आहे.

किंकाळी आली. रक्त आलं. डोळ्याखाली, गालावर. नुरी स्वतःच घाबरून भिंतीला चिकटली.

आणि दुसिकचा हात पुढे झाला. पोरीकडे नाही. त्यानं आधी वाडगा उचलला आणि गोधडीखाली सारला. मग पोरीला उचललं. मधे किती वेळ गेला असेल? एका श्वासाचा. मिरान ओल्या हातांनी धावत आली तेव्हा तिला एवढंच दिसलं: घरात कुत्रं, आजोबाच्या मांडीवर रक्तानं माखलेली पोर, आणि जमिनीवर सांडलेल्या गोड वड्या.

आवाज ऐकून हेनामवाली आली. तिनं बघितलं, कात्री मागितली, नुरीच्या शेपटीचे केस कापले आणि चुलीकडे वळली. "जाळून तिळाच्या तेलात कालवते. चावलेल्या कुत्र्याचेच केस लागतात. दोन दिवसांत खपली धरेल."

"हात लावू नका तिला!" मिरान ओरडली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या घरात तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. तेलाची वाटी तशीच राहिली.

तालुक्याच्या आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरनं जखम धुतली, तीन टाके घातले. कुत्रं कुणाचं विचारलं. घरचंच म्हटल्यावर म्हणाला, "बांधून ठेवा. दहा दिवस बघा. खातंपितं राहिलं, चालणं-भुंकणं नीट राहिलं, तर मुलीला काही नाही. खायचं सोडलं तर लगेच कळवा, मग इंजेक्शनं सुरू करावी लागतील. आणि तोवर कुत्र्याला मारू नका. लोक रागात मारतात आणि मग आम्हाला काहीच कळत नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत जेहोनं गाडीत सामान भरलं. बोराम मागच्या सीटवर, गालावर पांढरी पट्टी.

"तू काय केलंस तिला?" जेहोनं विचारलं. "शेपूट ओढलीस?"

"नाही. मी नमस्कार करत होते."

"बोराम. नमस्कार सकाळी झाले."

"मी परत करत होते. आजोबांनी सांगितलं."

जेहोनं बापाकडे पाहिलं. दुसिकच्या डोळ्यांपुढे गोधडीखालचा पितळी वाडगा आला. आता हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल: कुत्रं घरात कसं? आणि नमस्काराला का चावलं? आणि मग वाडगा. आईच्या वाडग्यात कुत्र्याला जेवू घालणारा बाप. साऱ्या गावाला रीत शिकवणारा. तो गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाला, "निघा. अंधार पडायच्या आत पूल ओलांडा."

"बघितलंस?" जेहो पोरीला म्हणाला. "वड्या दाखवून दाखवून चिडवलं असशील. एक तर चूक, त्यात आजोबांचं नाव."

बोरामनं दुसिककडे पाहिलं. रडली नाही. काचेवर तिचा श्वास धरला आणि पुसला गेला. गाडी गेली.

असे दहा दिवस सुरू झाले.

पहिल्या दिवशी नुरीनं खाल्लं नाही. दुसिकनं पत्र्याच्या थाळीत भात आणि माशाचं डोकं ठेवलं होतं. तिनं हुंगलं आणि बंद दाराकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशीही नाही. रात्री थाळीतलं गोठलं. संध्याकाळी फोन वाजला.

"खातेय ना, बाबा?"

"खातेय," दुसिक म्हणाला. फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. खरंच रोग असला तर? पोरीच्या गालात तो तीन टाक्यांमागे बसला असला तर? पण त्याला ठाऊक होतं की नुरीला रोग नाही. नुरीला फक्त थाळी ठाऊक नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गोधडीखालून वाडगा काढला. वड्यांचा मध आतून वाळला होता. त्यानं धुतला, भात वाढला आणि अंगणात उघड्यावर, तेंडूफळाच्या झाडाखाली ठेवला. नुरी मान घालून खायला लागली. शेपूट इतकी हलत होती की मागचं अंगच हलत होतं. कापलेल्या केसांची जागा त्यात बोडकी दिसत होती.

"ठणठणीत आहे की," भिंतीवरून हेनामवाली म्हणाली. "मी घाबरले होते. पण सांगते, जेहोचे बाबा, घरच्या पोराला चावलेलं कुत्रं घरात टिकत नाही. माझ्या सासऱ्यानं..." ती थांबली. भिंतीवर आणखी थोडी वर आली. "हा वाडगा बुन्येचा."

दुसिकनं वाडग्याबाहेर सांडलेली शितं वेचली.

"तिच्या लग्नातला. मी होते तेव्हा. यात तुम्ही कुत्र्याला..." तिनं तोंडावर हात ठेवला. हसणार होती की काय कोण जाणे. मग हात काढला. "कधीपासून?"

"पाणी गोठलं तेव्हापासून."

"घरात?"

"घरात. समोर."

हेनामवाली बराच वेळ वाडग्याकडे बघत राहिली. आयुष्यभर जिची जीभ एका जागी ठरली नाही, ती बाई. शेवटी हळू म्हणाली, "पोर त्याच्यावर वाकली होती."

"हो."

"आणि गाडीत बसून म्हणत होती, मी नमस्कार करत होते. भिंतीवरून ऐकलं मी."

"हो."

"जेहोला सांगितलंत?"

"नाही."

"मग कुत्रं चावलं ते तीन टाक्यांचं," ती म्हणाली. "तुम्ही चावलात ते कुठं शिवायचं?" आणि भिंतीवरून उतरली.

चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशी फोन आला. खातेय ना? खातेय. बोरामला दे जरा. ती येत नाही म्हणतेय. सहाव्या दिवशी जेहो म्हणाला, "अजून तेच धरून बसलीय. आजोबांनी सांगितलं म्हणे. मिरान म्हणते सोड, पण मी म्हटलं, आज सोडलं तर सवय लागेल. कबूल कर म्हणावं, मग तुझं सगळं माफ. तुमच्याकडूनच शिकलो मी हे." तो थोडं हसला. त्या हसण्यात चेष्टा नव्हती. बापाची बाजू आपण धरली याचं समाधान होतं. दुसिकला ते ऐकवेना.

सातव्या दिवशी त्यानं स्वतः फोन केला.

"जेहो. पोर खरं बोलतेय. मीच तिला परत नमस्कार करायला लावला. तीनदा."

जेहोनं विचारलं, "कुत्रं तर अंगणात बांधलं होतं. बोरामनंच सोडून आत आणलं ना?"

"मी आत घेतलं."

"तुम्ही? कुत्रं? आत?" जेहोनं श्वास सोडला. "बरं, घेतलं. आणि नमस्कार करताना ते चावलं? का? माणूस वाकलं म्हणून कुत्रं चावतं?"

इथं वाडगा होता. दुसिकनं तोंड उघडलं. जीभ त्या शब्दापर्यंत गेली आणि परत आली.

"चावलं," तो म्हणाला.

"बाबा," जेहो मऊपणानं म्हणाला, आणि तो मऊपणाच वाईट होता. "मिरान म्हणते कुत्रं ठेवायचं नाही, ठेवलं तर ती पोरीला घेऊन तिथं येणार नाही. मीच म्हटलं, दहा दिवस जाऊ देत. तुम्ही एकटे आहात, कळतं मला. पण त्यासाठी दोष स्वतःवर घेऊ नका. मला तुम्ही एकवीस वेळा वाकवलंत. तेव्हा नाही म्हणालात कधी, माझं चुकलं म्हणून. आई शेतात राबता राबता गेली, तेव्हाही नाही म्हणालात. आज एका कुत्र्यासाठी म्हणताय. ते मी कसं खरं मानू?"

दुसिकनं फोन ठेवला. त्या दिवशी तो शेतात गेला नाही.

एकाला एक लागून दारं बंद होत गेली, एवढंच. नुरी जिवंत आहे तोवर तो जे बोलेल ते नुरीला वाचवायला बोललेलं ठरणार. वाडग्याचं सांगितलं तरी तेच. म्हातारा कुत्र्यापायी काय काय रचतोय बघा. हेनामवालीला सांगायला लावावं, तर तिनं वाडगा पाहिला होता, पोरीला वाकताना पाहिलं नव्हतं. नुरी कुणाला देऊन टाकावी, तर घरच्या पोराला चावलेलं पिल्लू बेटावर कुणी घेणार नव्हतं. आणि घेतलं असतं तरी चिंदोचं कुत्रं एकच धनी जाणतं, दोन डोंगर ओलांडून परत दाराशी येऊन बसतं. आपण खरं बोलून आपल्याला काहीच मिळणार नाही, असं दिसलं तरच ते खरं वाटेल. त्याला एवढा एकच हिशेब सुचला. तो चुकीचा आहे हेही त्याला दिसत होतं. पण दुसरा नव्हता, आणि सोलमध्ये एक सहा वर्षांची पोर रोज खोटी ठरत होती.

दहाव्या दिवशी त्यानं नुरीला पातीच्या टोपलीत बसवलं, टोपली शेतीच्या यंत्रामागच्या गाडीवर ठेवली आणि तालुक्याला गुरांच्या डॉक्टरकडे नेली. डॉक्टरनं डोळे पाहिले, जबडा उघडून पाहिला, अंगणात पळवून पाहिलं.

"काही नाही हिला. सुरेख पिल्लू आहे. कान बघा, दोन्ही उभे राहिले. महिन्याभरानं अस्सल चिंदो जातीच्या नोंदणीच्या परीक्षेला आणा. पास झाली नाही तर माझं नाव बदला."

"बरं," दुसिक म्हणाला.

परत येताना ती टोपलीत उभी राहून वाऱ्याला तोंड देत होती. वाटेत त्याचं गाव दिसलं तशी ती भुंकली. घर ओळखलं होतं.

मांसासाठी कुत्री विकत घेणाऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा गावात येई. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा ऐकू आला: कुत्री घेतो, बकऱ्या घेतो, मोठी घेतो, लहान घेतो. दुसिक साखळी धरून रस्त्यावर उभा राहिला.

गाडीवाला खाली उतरला. त्यानं नुरीला काखेत धरून तोललं. "काका, हिच्या अंगावर काही नाही. उन्हाळ्यापर्यंत खाऊ घाला, तुमचाच फायदा."

"आजच."

"चावरी आहे का?"

हेनामवाली फाटकातून धावत आली, पायात एकच चप्पल. "काय करताय? वेड लागलंय का? डॉक्टर काल म्हणाला ना, चांगली आहे म्हणून! मी बोलते जेहोशी."

"काय बोलशील?"

"वाडगा पाहिला म्हणून सांगते."

"पोरीला वाकताना पाहिलंस?"

ती नुरीकडे बघत म्हणाली, "मी दिली होती ती तुम्हाला. आवाजासाठी."

"हो," तो म्हणाला.

गाडीवाल्यानं पैसे काढले. दुसिकनं मान हलवली. "फुकट नाही घेत आम्ही," गाडीवाला म्हणाला, "अपशकुन असतो," आणि गाडीतून एक लाल प्लास्टिकचं घमेलं काढून रस्त्यावर ठेवलं. नुरी पिंजऱ्यात गेली तेव्हा ओरडली नाही. दुसिक समोरच उभा होता म्हणून. गाडी वळणावर गेली, तो दिसेनासा झाला, आणि मग ती ओरडायला लागली. भोंगा पुन्हा सुरू झाल्यावर ते ऐकू येईनासं झालं.

त्यानं घरात येऊन फोन लावला.

"कुत्रं गेलं," तो म्हणाला.

"गेलं म्हणजे? बाबा? डॉक्टर काय म्हणाला?"

"चांगलं होतं. पोरीला काही धोका नाही. मी गाडीवाल्याला दिलं."

"गाडीवाल्याला..." जेहोचा आवाज बसला. "मी तसं नव्हतं म्हटलं. निदान तसं नव्हतं."

"आता ऐक. मधे बोलू नकोस." आणि दुसिकनं सांगितलं. गोठलेलं पाणी, उंबरा, मेज, समोरची जागा. वाडगा कुणाचा ते सांगितलं. त्यात वर्षभर गार झालेला भात सांगितला, मग न गार झालेला. वड्या, तीन नमस्कार, तिसरा किती नीट होता ते. आणि शेवटी, जे सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, तेही: "ती ओरडली तेव्हा मी आधी वाडगा लपवला. मग तिला उचललं."

दूर सोलमध्ये कुठलंसं दार लागलं.

"मग कुत्र्याचाही काही दोष नव्हता," जेहो म्हणाला.

"नव्हता."

"मग दिलंत कशाला?"

"सातव्या दिवशी सांगितलं, तू मानलं नाहीस."

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण म्हटल्यावर तो टोमणाच झाला, आणि परत घेता येईना. पलीकडे फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज, पावलं, आणि फोनजवळ एक लहान श्वास.

"आजोबा?"

"बोराम. मी तुझ्या बाबांना सांगितलं. तू नमस्कारच करत होतीस. तू खरं बोलत होतीस."

"मला माहितीये," ती म्हणाली. थोडं थांबून: "मग आता नुरीला परत घरात घेणार?"

खोटं बोलणं सोपं होतं. पोर दहा तासांवर होती. पण ते करण्यासाठी तर त्यानं नुरी दिली नव्हती.

"नुरी नाही आता. मी तिला देऊन टाकली."

"का?"

"तू खरं बोलतेस हे बाबांना पटावं म्हणून."

तिच्या मागे मिरान हळू आवाजात काहीतरी विचारत होती.

"तुम्ही मला आधी विचारायचं होतं," बोराम म्हणाली. "मी म्हटलं असतं, मीच ओढली शेपूट."

मग फोन मिरानकडे गेला. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जेवून घ्या, आणि तिनं फोन ठेवला. दुसिक जेवला नाही. फोन कानाशीच धरून तो बसून राहिला. थोड्या वेळानं बाहेरून हेनामवालीनं हाक मारली, जेहोचे बाबा, दार उघडा. तिनं पुन्हा हाक मारली. दार उघडंच होतं, नुसतं लोटलेलं, पण ते सांगायलाही तो उठला नाही.